कापेल केलिन: बुडालेल्या गावाचं बालपण कुठे शोधायचं?

वेल्सच्या उत्तर भागात बाला नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथून ट्रवेरिन नदीच्या काठाने वायव्येला चढत गेलं की लिन केलिन हा जलाशय लागतो. लांबी अडीच मैल, सर्वांत रुंद जागी मैलभर, आणि खोली काही ठिकाणी १४० फुटांपर्यंत. १९६५ पर्यंत या पाण्याच्या जागी कापेल केलिन होतं. एक शाळा, एक पोस्ट, एक चॅपेल म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर, चॅपेलच्या आवारातली दफनभूमी आणि दरीभर विखुरलेली शेतघरं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून त्या शहराच्या महापालिकेने ही दरी बुडवली. ८०० एकर जमीन गेली, बारा घरं आणि शेतवाड्या गेल्या. दरीत राहणाऱ्या ६७ जणांपैकी ४८ जणांना घर सोडावं लागलं.

४८ हा आकडा मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. मुळशी, कोयना, उजनीच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्याला बुडीत क्षेत्र म्हटलं की गावंच्या गावं डोळ्यांपुढे येतात. ४८ माणसं आपल्याकडे एखाद्या वाडीच्या एका आळीत मावतील. तरीही वेल्समध्ये गेल्या सत्तर वर्षांत ज्या जागेचं नाव सर्वांत जास्त वेळा भिंतींवर, फलकांवर, टी-शर्टांवर उमटलं असेल, ती जागा हीच. नदीच्या नावावरून या दरीला ट्रवेरिन म्हणतात, आणि आज वेल्समधल्या शाळकरी पोरालाही ट्रवेरिन म्हणजे काय ते सांगता येतं. त्या दरीत शाळा भरायची तेव्हा मुलं कुठल्या वाटेने यायची, ते मात्र क्वचितच कुणाला सांगता येईल.

या प्रकरणात मला रस आहे तो एवढ्यासाठीच. गाव जाण्याची आठवण आणि गावाची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इतकी मोठी झाली की दुसरी तिच्याखाली गेली. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला मात्र दुसरी हवी असते, आणि ती जवळजवळ सगळी त्या गावात लहान असलेल्या माणसांपाशी आहे.

निर्णय कसा झाला

हा भाग बऱ्यापैकी परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लिव्हरपूलने आधी मॉन्टगोमेरीशरमधल्या डोलानोगच्या दरीवर नजर टाकली होती. ती दरी ॲन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) या कवयित्रीच्या माहेरची. तिची भक्तिगीतं वेल्श चॅपेलांमध्ये आपल्याकडच्या अभंगांइतक्या जिव्हाळ्याने गायली जातात. तिथे विरोध झाला आणि रोख ट्रवेरिनकडे वळला. डिसेंबर १९५५ मध्ये कापेल केलिनच्या लोकांना आपलं गाव बुडणार हे कळलं ते वर्तमानपत्रातून. आधी कुणी विचारायला आलं नव्हतं, सांगायलाही नाही.

महापालिकेने वापरलेली कायदेशीर वाट समजून घेण्यासारखी आहे. ही दरी ज्या जिल्ह्यात होती त्या मेरिओनिथ काउंटीकडे किंवा वेल्समधल्या दुसऱ्या कुठल्या नियोजन संस्थेकडे परवानगी मागितली असती तर ती नाकारली जाण्याची शक्यता होती. म्हणून लिव्हरपूलने वेस्टमिन्स्टरच्या संसदेत थेट खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं की स्थानिक परवानगीचा प्रश्नच उरत नाही, जमीन सक्तीने घेता येते. गृहनिर्माण खात्याचे मंत्री हेन्री ब्रूक यांच्याकडेच तेव्हा वेल्सचा कारभारही होता, आणि त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. वेल्समधून निवडून आलेल्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही. त्याने काही फरक पडला नाही. १ ऑगस्ट १९५७ रोजी विधेयकावर राणीची मोहोर उमटली.

लिव्हरपूलची बाजूही नोंदवायला हवी, कारण या प्रकरणात ती अनेकदा खलनायकाच्या एका ओळीत उरकली जाते. मे १९४१ च्या बॉम्बवर्षावात ते शहर उद्ध्वस्त झालं होतं. गोदीकामगारांच्या वस्त्यांमध्ये घरात नळ, न्हाणीघर नसणं ही रोजची गोष्ट होती. पाणी हवं होतं हे खोटं नव्हतं. पण त्यातला मोठा वाटा उद्योगांना विकायचा होता हेही खोटं नव्हतं. शिवाय शहर वाढणार हा अंदाज साफ चुकला. १९३१ च्या सुमारास साडेआठ लाखांवर असलेली लिव्हरपूलची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत साडेचार लाखांच्याही आत आली होती. बालामध्येही सगळे एका सुरात बोलत नव्हते. धरणाच्या कामावर रोजगार मिळेल या आशेने काहींना प्रकल्प हवासा वाटत होता. आजच्या भाषणांतून ही माणसं गायब आहेत.

बुडण्याच्या आधीची दरी

कापेल केलिनचा इतिहास १९५५ पासून सुरू करायची सवय लागली आहे. ती मोडायला हवी. हावोद वादोग या शेतवाडीवर सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं प्रार्थनेला जमत. छळाला कंटाळून त्या परिसरातले अनेक क्वेकर १६८० च्या दशकात अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले. आज जलाशयाच्या काठावर त्यांच्या नावाची पाटी आहे. मूळ वाडी पाण्यात.

१८८२ मध्ये बालाहून ब्लायनाइ फेस्टिनिओगकडे जाणारी रेल्वे या दरीतून निघाली. स्लेटच्या खाणींसाठी बांधलेली ही डोंगरी लाइन. १९३० मध्ये कापेल केलिनला तिच्यावर एक छोटा थांबा मिळाला. याच मार्गावर थोडं खाली फ्रोनगोख. १९१६ मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावानंतर सुमारे १८०० आयरिश कैदी तिथल्या जुन्या व्हिस्कीच्या कारखान्यात डांबून ठेवले होते. पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला मायकल कॉलिन्स त्यांतलाच एक. या लाइनवरची प्रवासी गाडी जानेवारी १९६० मध्ये बंद झाली आणि वर्षभराने मालगाडीही. रुळांचा एक टप्पा आता पाण्याखाली आहे. लाइन तशीही तोट्यात होती, पण बुडणार हे ठरल्यावर तिच्यासाठी भांडायला कुणाकडे कारण उरलं नाही.

दरीची भाषा वेल्श. १९६१ च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्के होतं. या डोंगराळ पट्ट्यात मात्र घर, शेत, शाळा, चॅपेल सगळं वेल्शमध्येच चालायचं. इथल्या मुलाचं बालपण समजून घ्यायचं तर चॅपेलचा आठवडा समजून घ्यावा लागतो. वेल्समध्ये रविवारची शाळा नुसती मुलांसाठी नसते. आजोबाही एका वर्गात बसतात, नातूही दुसऱ्यात. वाचायला शिकण्याची ही मोठी जागा होती, आणि ही चळवळ उभी करणारे टॉमस चार्ल्स बालाचेच. १८०० मध्ये मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची मुलगी वेल्श बायबल विकत घ्यायला पंचवीसेक मैल अनवाणी चालत त्यांच्याकडे आली. ही गोष्ट त्या भागातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. पाठांतर, प्रश्नोत्तरं, समूहगायन, आणि वर्षातून एकदा गावची आयस्टेडव्होद. म्हणजे कविता म्हणणं, गाणं, लेखन यांच्या स्पर्धा, बक्षीस बहुधा गळ्यात अडकवायची छोटी पिशवी आणि आत काही नाणी. ही दरी गाण्यासाठी ओळखली जायची. वीणेच्या एका चालीवर दुसरीच चाल धरून कविता गाण्याची वेल्श रीत इथे घराघरात चालायची. मुलांच्या ‘उर्द’ या संघटनेचं शिबिर १९५० पासून बालाच्या तळ्याकाठी भरू लागलं होतं.

हे सगळं आजूबाजूच्या दऱ्यांनाही लागू होतं, आणि इथेच अडचण आहे. कापेल केलिनचं म्हणून जे वेगळं असेल ते या सर्वसाधारण चित्रातून हाती येत नाही. कुठल्या शेतघरातून कुठल्या शेतघराकडे पायवाट होती, नदी कुठे ओलांडायची, शाळेत शेगडी कोण पेटवायचं, पोस्टात पत्रं घ्यायला कोण धावायचं, मेंढ्यांची लोकर कापायच्या दिवशी शाळा ओस पडायची का? असं काही आठवणारा माणूस लागतो.

मोर्चात चालणारी मुलं

२१ नोव्हेंबर १९५६. कापेल केलिनची जवळजवळ सगळी माणसं बसगाड्यांत बसून लिव्हरपूलला गेली आणि शहरातून चालत महापालिकेच्या इमारतीपर्यंत पोचली. पुरुष कोट घालून, बायका टोप्या घालून, सोबत मुलं. हातातल्या इंग्रजी फलकांवर लिहिलेलं होतं की तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा, आमची घरं बुडवू नका. आणखी एका फलकावर लिव्हरपूलला विनंती होती की थोर शहर हो, दांडगाई करणारं नको. बचाव समितीच्या चिटणीस एलिझाबेथ वॉटकिन जोन्स आणि प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे अध्यक्ष ग्विनवोर इव्हान्स या मोहिमेच्या पुढे होते. त्याच महिन्यात इव्हान्स यांनी लिव्हरपूलच्या सभागृहात बोलायचा प्रयत्न केला तेव्हा नगरसेवकांनी आरडाओरडा करून त्यांना बोलू दिलं नव्हतं.

या सगळ्या काळाची दृश्य आठवण मुख्यत्वे एका माणसामुळे आहे. जेफ चार्ल्स (१९०९–२००२) हे वेल्श साप्ताहिक ‘अ कम्रो’साठी काम करणारे छायाचित्रकार. त्यांनी मोर्चा टिपला, शाळेतली मुलं टिपली, चॅपेल, पोस्ट, शेतघरं, आणि शेवटी उपटलेली कुंपणं आणि पाडलेल्या भिंतीही. त्यांच्या सबंध कारकिर्दीतल्या जवळपास १,२०,००० निगेटिव्ह अॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सकडे आहेत. अॅसिटेटची जुनी फिल्म हळूहळू कुजते, तिला शिरक्याचा वास येऊ लागतो. त्यामुळे ग्रंथालयाने हा संग्रह डिजिटल करायला घेतला, आणि म्हणूनच आज कुणीही घरबसल्या ही चित्रं पाहू शकतो. बँगोरच्या फ्रायर्स स्कूलच्या विद्यार्थ्यांनीही शिक्षकाच्या मदतीने दरीच्या अखेरच्या काळाचं चित्रीकरण केलं. बुडत चाललेल्या गावाचा इतिहास दुसऱ्या गावची शाळकरी मुलं गोळा करत होती. मला या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण चित्रं आहेत म्हणून एक गुंताही आहे. मोर्चाच्या वेळी तीन-चार वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरी ओलांडून गेलेलं आहे. ते जेव्हा लिव्हरपूलच्या रस्त्याची आठवण सांगतं, तेव्हा ती आठवण किती पाहिलेल्या रस्त्याची आणि किती पन्नास वेळा पाहिलेल्या फोटोची? कुणी मुद्दाम खोटं सांगत नाही. आठवण अशीच बनते. वर्तमानपत्राने मुलांना पुढे उभं केलं, कारण मुलांच्या चेहऱ्याने वाचक हलतो. पुढे तीच मुलं मोठी झाल्यावर वार्षिक स्मृतिदिनांना, मुलाखतींना, माहितीपटांना तोच प्रश्न ऐकू लागली की मोर्चाच्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? हजारदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घोटून घोटून गुळगुळीत होतं. शेगडी कोण पेटवायचं हे त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

मौखिक इतिहासाचं काम करणाऱ्यांना हे माहीत असतं. ब्रिटनमध्ये ओरल हिस्टरी सोसायटी १९७३ मध्ये स्थापन झाली, आणि तेव्हापासून तिथल्या गावोगावच्या इतिहास मंडळांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचा सपाटा लावला आहे. चांगला मुलाखतकार मोठ्या प्रसंगापासून सुरुवात करत नाही. तो आधी विचारतो की सकाळी उठल्यावर पाणी कुठून आणायचात? कापेल केलिनच्या बाबतीत तर या प्रश्नाला वेगळीच धार आहे.

शेवट आणि भिंत

शाळा जुलै १९६३ मध्ये बंद झाली. २८ सप्टेंबर १९६३ रोजी चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. दफनभूमीतले आपले नातलग हलवायचे का, हे कुटुंबांनी ठरवायचं होतं. आठ जणांचे अवशेष दुसरीकडे नेऊन पुरले गेले. बाकीचे तिथेच राहिले, वर थर टाकून जागा बंद केली गेली. थडग्यांवरचे दगड उचलून जलाशयाच्या काठी आणले, आणि शिल्पकार आर. एल. गॅपर यांच्या आराखड्यानुसार तिथे एक स्मारक-चॅपेल उभं राहिलं.

मधल्या काळात बांधकामावर दोन हल्ले झाले. सप्टेंबर १९६२ मध्ये दोन तरुणांनी ट्रान्सफॉर्मरमधलं तेल सोडून दिलं. फेब्रुवारी १९६३ च्या बर्फात तिघांनी ट्रान्सफॉर्मर स्फोटाने उडवला, आणि त्यांतल्या एमिर लेवेलिन या विद्यार्थ्याला वर्षाची कैद झाली. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी धरणाचं उद्घाटन होतं. सुमारे ४०० पाहुणे, बाहेर निदर्शक, दगडफेक. ध्वनिक्षेपकाची तार कुणीतरी कापली आणि सोहळा तीन मिनिटांत आटोपला. बरोबर एक वर्षाने, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, दक्षिण वेल्समधल्या आबरवॅन गावात कोळशाच्या खाणीतल्या राबिटाचा डोंगर प्राथमिक शाळेवर घसरला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. वेल्सच्या आठवणीत ऑक्टोबरचा हा दिवस दोनदा शाळेशी बांधला गेला आहे. एक शाळा रिकामी करून बुडवलेली, दुसरी भरलेली असताना गाडली गेलेली.

आता भिंतीची गोष्ट. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मेक स्टीव्हन्स या तरुणाने अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला, लानरिस्टिद गावाजवळ रस्त्याकडेच्या एका पडक्या घराच्या भिंतीवर रंगाने दोन शब्द लिहिले. आज ते ‘कोविउख द्रवेरिन’ असे वाचले जातात, म्हणजे ट्रवेरिन आठवा. स्टीव्हन्स दक्षिण वेल्सचे. पुढे ते वेल्श साहित्याचे मोठे संपादक आणि अभ्यासक झाले. ती भिंत दरीपासून कितीतरी दूर आहे. अक्षरं पुसट झाली की कुणीतरी पुन्हा रंगवायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांवर कुणी ‘एल्व्हिस’ लिहून ठेवलं, आणि एप्रिलमध्ये भिंतीचा काही भाग पाडला गेला. लोकांनी भिंत पुन्हा बांधली. शिवाय काही आठवड्यांतच वेल्सभर, गावोगावच्या भिंतींवर, तेच दोन शब्द लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात उगवले.

या दोन शब्दांचं राजकीय वजन नाकारण्यात अर्थ नाही. १९६२ मध्ये वेल्श भाषेच्या हक्कांसाठी संघटना उभी राहिली. १९६४ मध्ये वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झालं. १९६६ मध्ये ग्विनवोर इव्हान्स कार्माथनमधून निवडून आले आणि प्लाइड कम्रीला पहिला खासदार मिळाला. १९९७ च्या सार्वमतातून वेल्सला स्वतःचं प्रतिनिधिगृह मिळालं. या प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी ट्रवेरिनचं नाव घेतलं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलने माफीही मागितली, चाळीस वर्षांनी.

पण ‘ट्रवेरिन आठवा’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती दरी कोरडी कधी पाहिलेलीच नव्हती. घोषणेला दरीचं नाव लागतं, दरीचा तपशील लागत नाही. घोषणा जितकी पसरते तितकं नाव हलकं होत जातं, कारण ते सगळ्यांच्या हातात बसायला हवं. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. मात्र स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने घोषणेला पुरावा समजू नये.

कागद काय सांगतात, काय सांगत नाहीत

कुणी म्हणेल, माणसांच्या आठवणींवर कशाला विसंबायचं, ब्रिटनमध्ये कागदपत्रं तर भरपूर असतात. असतात खरी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) नकाशे पाहिले तर प्रत्येक शेतवाडीचं नाव मिळतं: हावोद वादोग, काए वादोग, गेली इखाव. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट आहेत, आणि आजच्या उपग्रहचित्रावर जुना नकाशा सरकवून पाण्याखाली काय गेलं ते नेमकं पाहता येतं. १८६० च्या दशकापासून ब्रिटिश शाळांमध्ये मुख्याध्यापकाने रोजनिशी ठेवायची पद्धत आहे. कुठल्याही खेडेगावच्या अशा रोजनिशीत हजेरी, गोवर, बर्फामुळे सुट्टी, कापणीच्या दिवसांत गळालेली मुलं, तपासनीसाची भेट असं सगळं सापडतं. या नोंदी शिक्षकाने शिक्षकाच्या नजरेने केलेल्या असतात. मूल त्यात बहुधा अडचण म्हणून येतं.

घराघरातल्या माणसांच्या नावानिशी नोंदी हव्या असतील तर मात्र कापेल केलिन एका विचित्र खड्ड्यात पडतं. ब्रिटनमध्ये जनगणनेची मूळ पानं शंभर वर्षं बंद असतात. १९२१ ची पानं जानेवारी २०२२ मध्ये उघडली. १९३१ ची इंग्लंड आणि वेल्सची सगळी पानं डिसेंबर १९४२ च्या आगीत जळून गेली. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. १९५१ ची पानं २०५२ मध्ये उघडतील आणि १९६१ ची २०६२ मध्ये. मधे राहतं ते २९ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धकाळातल्या ओळखपत्रांसाठी केलेलं रजिस्टर. ते आज पाहता येतं, पण जन्माला शंभर वर्षं झालेली नसतील आणि मृत्यूची नोंदही जुळलेली नसेल, त्या माणसाची ओळ झाकलेली असते. म्हणजे त्या दिवशी जी मुलं होती, नेमक्या त्यांच्याच ओळी काळ्या पट्टीखाली जाण्याची शक्यता जास्त. १९६३ मध्ये शाळा बंद होताना जी मुलं बाकावर बसली होती त्यांचा तर त्या रजिस्टरच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. त्यांचं नाव आपापल्या घरातल्या इतरांच्या नावांसोबत जनगणनेच्या पानावर पहिल्यांदा सर्वांपुढे येईल ते २०६२ मध्ये.

याच्या शेजारी लानउदिन ठेवून पाहावं. तेही वेल्समधलंच गाव, तेही लिव्हरपूलनेच बुडवलं, पण ऐंशी वर्षं आधी. वर्नवी नदीवरचं ते धरण ब्रिटनमधलं पहिलं मोठं दगडी धरण. पायाचा दगड जुलै १८८१ मध्ये बसला, आणि त्याच्या तीनच महिने आधी, ३ एप्रिल १८८१ रोजी, देशभर जनगणना झाली होती. त्यामुळे लानउदिनमधलं प्रत्येक मूल आज आपल्याला नावाने, वयाने, कुठल्या घरातलं, कुणाचं, हे सगळं वाचता येतं. शाळेत जाणाऱ्याच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात विद्यार्थी लिहिलेलं असतं, आणि कुणी दहाव्या-अकराव्या वर्षी नोकर म्हणून दुसऱ्याच्या घरी राहत असेल तर तेही. त्या मुलांपैकी कुणाचाही आवाज मात्र आपल्यापाशी नाही. त्यांना जिवंतपणी विचारायला कुणी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गेलं नाही, नेणं शक्यही नव्हतं. त्यांच्या वाटणीला नवं गाव धरणाच्या खालच्या अंगाला बांधून मिळालं, नवं चर्च मिळालं, आणि १८९२ मध्ये त्यांच्या दरीचं पाणी लिव्हरपूलला पोचलं.

लानउदिनच्या मुलांची यादी आहे, आवाज नाही. कापेल केलिनच्या मुलांचे आवाज आहेत, यादी २०६२ पर्यंत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावाबाबत एकत्र हाती येतील असा काळ या दरीच्या नशिबी बहुधा नाही, कारण २०६२ मध्ये १९५३ साली जन्मलेलं मूल १०९ वर्षांचं असेल.

म्हणून या प्रकरणात पुढचं काम कुठलं, ते माझ्या मते उघड आहे. कापेल केलिनमध्ये शाळेत गेलेल्या माणसाला मोर्चाबद्दल आणखी एकदा विचारू नये. त्याच्यापुढे सहा इंची नकाशा पसरावा आणि बोट ठेवायला सांगावं. शाळेची वाट कुठली? नदीला पूर आला की कुठून फिरून जायचात? या घरात कोण राहायचं, त्यांचं कुत्रं चावायचं का? ब्लॅकबेरी कुठे मिळायच्या? कुठल्या शेतात जायला मनाई होती आणि तुम्ही तरी जायचात का? थांब्यावर गाडी थांबवायला हात करावा लागायचा का, आणि त्या गाडीने तुम्ही पहिल्यांदा कुठे गेलात? चॅपेलात तुमच्या घरचा बाक कितवा होता, पुढच्या बाकावर कोण? उत्तर वेल्शमध्येच घ्यावं आणि वेल्शमध्येच लिहून ठेवावं. भाषांतर नंतर कधीही करता येतं. दोन भावंडांना वेगवेगळं विचारावं. त्यांच्या उत्तरांत फरक पडला तर तो मिटवायला जाऊ नये. नकाशावर दोन्ही वाटा आखाव्यात, एकीला एकाचं नाव, दुसरीला दुसऱ्याचं, आणि शेजारी विचारल्याची तारीख.